पंपाचा जीव बॅटरीत



सुपे, मोरगाव, लोणी भापकरपासून ते इंदापूरच्या निमगाव केतकी, लाकडी, निंबोडीपर्यंतच्या जिराईत पट्ट्यात हाताने दांडा मारायचा पाठपंप आता क्वचितच दिसतो. त्याच्या जागी चार्जिंगचा पंप आला. ही चांगलीच गोष्ट झाली. दिवसभर दांडा हलवून खांदा मोडून घेण्यात कसला मोठेपणा नव्हता, आणि ‘जुने ते सोने’ सांगणाऱ्यांच्या पाठीवर सोळा लिटरची टाकी कधी चढलेली नसते. आमचे भांडण यंत्राशी नाही. यंत्र गळ्यात मारताना त्याचा जीव कुठे आहे, हे आपल्याला सांगितले जात नाही, त्याच्याशी आहे.

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असायचा, तसा या पंपाचा जीव बॅटरीत आहे. टाकी, पाइप, नोझल चार-सहा हंगाम सहज चालतात. मोटारही बदलून मिळते. मरते ती बॅटरी. पण दुकानात गेलो की टाकीचा रंग दाखवतात, नोझल किती मिळतील ते सांगतात, वर एक टॉर्च फुकट देतात. बॅटरीचे विचारले तर उत्तर येते, “बारा-आठ आहे.” झाले! आपण मान डोलवतो आणि पैसे मोजतो.

बारा-आठ म्हणजे १२ व्होल्ट आणि ८ अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीवर छापलेला हा आठाचा आकडा वीस तास हळूहळू करंट काढण्याच्या हिशेबाने काढलेला असतो. म्हणजे ०.४ अँपिअरने वीस तास. आपल्या पंपाची मोटार मात्र दोन-तीन अँपिअर ओढते. इतक्या वेगाने ओढले की आठाचे सहा-साडेसहाच हाती लागतात. नवी कोरी बॅटरी अडीच-तीन तास चांगल्या दाबाने चालली तर ती खरी. ‘एका चार्जिंगमध्ये दिवसभर’ ही खोक्यावरची भाषा आहे, शेतातली नव्हे.

आता जिराईत शेतकऱ्याचे खास दुखणे पाहा. नीरेच्या कालव्याखालचा भाजीपाला करणारा किंवा डाळिंबवाला बारा महिने फवारतो. त्याची बॅटरी वापरून वापरून झिजते. आपल्याकडे कपाशीवर पाच-सहा फवारण्या, रब्बीच्या ज्वारीवर लष्करी अळी किंवा मावा आला तर एखाद-दुसरी. वेचणी संपली की पंप पत्र्याच्या शेडमध्ये, खुंटीला. शिशाची बॅटरी न वापरताही महिन्यागणिक थोडी थोडी उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि तो घट्ट झाला की पुन्हा चार्जिंग घेत नाही. त्यात पत्र्याखालचा एप्रिल-मे. जाणकारांचा ठोकताळा असा, की दर दहा अंश उष्णता वाढली की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते. आपली बॅटरी वापरून मरत नाही, पडून मरते.

आणि ती मेल्याचे कळते कधी? कपाशीवर फुलकिडे चढलेत, पावसाने दोन दिवस उघडीप दिली आहे, रोजाने माणूस सांगून ठेवला आहे, औषध कालवले आहे, तेव्हा. चार्जरचा हिरवा दिवा लागलेला असतो, पण दुसऱ्या टाकीला दाब जातो. कालवलेले औषध बादलीत, माणसाचा रोज अंगावर आणि उघडीप निघून गेलेली. दुकानदार म्हणतो, “तुम्ही नीट वापरली नाही.” नीट म्हणजे कसे, हे विकताना त्याने एका शब्दाने सांगितलेले नसते. हजार रुपयांची बॅटरी धरली तर २०२५-२६ च्या ३,७४९ रुपये क्विंटल या हमीभावाने ती जवळपास सत्तावीस किलो मालदांडी ज्वारी झाली. तोही हमीभाव हातात पडला तर.

‘पूर्ण उतरू द्या, मगच चार्ज करा’ असा सल्ला अजून गावोगाव दिला जातो. तो निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांचा. शिशाच्या बॅटरीला तो मारक आहे. ती फवारणी झाली की त्याच रात्री पूर्ण भरायची आणि बिगरहंगामात दर दीड-दोन महिन्यांनी भरायची. हिवाळ्यातल्या कृषी प्रदर्शनात सूट मिळते म्हणून जिराईतवाल्याने जानेवारीत शिशाची बॅटरी घेणे म्हणजे पहिल्या फवारणीआधीच तिचे पाच-सहा महिने खर्ची घालणे. मृगाच्या तोंडावर घ्या. घेताना उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. दुकानातच मीटर लावायला सांगा. १२.४ व्होल्टच्या खाली दाखवली तर ती फळीवर पडून अर्धमेली झाली आहे, परत द्या. हातात तोलून पाहा. खऱ्या बारा-आठचे वजन सव्वादोन ते अडीच किलो भरते, कारण शिसे हलके करता येत नाही.

मग लिथियमची घ्यावी का? आमचे मत, जिराईत माणसाला तीच जास्त सोयीची. पाठीवर दोन किलो कमी होतात आणि सहा महिने पडून राहणे तिला फारसे बाधत नाही, फक्त अर्धी भरून सावलीत ठेवायची. पण खोटेपणा इथेच जास्त आहे. निळ्या-काळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात काय भरले आहे ते दिसत नाही. जुन्या लॅपटॉपचे सेलही असतात. हिशेब सोपा आहे. बोटाएवढा एक सेल, ज्याला १८६५० म्हणतात, साधारण २ ते २.६ अँपिअर-तासांचा आणि ४५ ग्रॅमच्या आसपास असतो. तीन सेल एकापुढे एक जोडले की अकरा-बारा व्होल्ट होतात, आणि ८ अँपिअर-तासांसाठी अशा चार रांगा लागतात. म्हणजे बारा सेल, अर्ध्या किलोहून जास्त वजन. तीनशे ग्रॅमच्या डबीवर ‘१२ अँपिअर’ छापले असेल तर ती डबी खोटे बोलते आहे. भारतीय मानक १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. शिशाच्या बॅटरीचा चार्जर चौदा व्होल्टच्या वर जातो, तीन सेलच्या लिथियमची मर्यादा १२.६ आहे. पीन बसते म्हणून जुना चार्जर नव्या बॅटरीला लावू नका. आणि वेचलेला कापूस ज्या खोलीत रचला आहे, किंवा कडब्याच्या गंजीला लागून ज्या छपरात सॉकेट आहे, तिथे कुठलीही लिथियम बॅटरी रात्रभर चार्जिंगला ठेवू नका. वर्षाचे उत्पन्न एका ठिणगीजवळ नेऊन ठेवल्यासारखे ते आहे.

छाटणीची कात्री, ड्रिल, गवत कापायचे यंत्र घेणाऱ्यांचीही हीच फसवणूक. ‘२१ व्होल्ट’ म्हणजे पाच सेल पूर्ण भरल्यावरचा आकडा. १८ व्होल्टचे अवजारही त्याच पाच सेलचे. ‘४८’, ‘८८’ असे आकडे मिरवणाऱ्या स्वस्त अवजारांतही बहुधा तेच पाच निघतात. शिवाय एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या अवजाराला बसत नाही. बैल एकाचा आणि जू त्याच एकाकडून घ्यायचे, असा हा सौदा. युरोपात काही कंपन्यांना एकत्र येऊन समाईक बॅटरी काढावी लागली. तिथल्या २०२३ च्या कायद्याने तर वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः काढून बदलता आली पाहिजे असे बंधन घातले आहे, ते फेब्रुवारी २०२७ पासून लागू व्हायचे आहे. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ ठरवायला समिती नेमली, तिच्या विषयांत शेती अवजारेही होती. गावातल्या दुकानात त्याचा मागमूस नाही.

आता मायबाप सरकारकडे वळू. ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने ठरले होते, की वस्तू वाटायच्या नाहीत, पैसे शेतकऱ्याच्या खात्यात द्यायचे. २०२४ मध्ये कापूस-सोयाबीनच्या विशेष योजनेत हे गुंडाळून ठेवले गेले आणि चार्जिंगचे पंप महामंडळामार्फत घेऊन शंभर टक्के अनुदानावर वाटले. दरावरून आरोप झाले, तत्कालीन कृषिमंत्र्यांनी ते नाकारले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२५ मध्ये याचिका फेटाळली. त्या वादात आम्ही पडत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. त्या पंपातली बॅटरी शिशाची की लिथियमची, किती अँपिअरची, कोणत्या महिन्यातली, हे घेणाऱ्याला निवडता आले का? सोडतीत नाव निघाले, जे मिळाले ते घरी नेले. फुकटच्या गायीचे दात मोजायचे नाहीत म्हणतात, पण ही गाय फुकटची नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी ५ टक्के झाला. बॅटरीवर, शिशाची असो वा लिथियमची, १८ टक्के आहे. शिशाच्या बॅटरीवर त्याआधी तर २८ होता. कारखानदार भरलेला कर पुढच्या करातून वजा करून घेतो, शेतकऱ्याला तसे दार नाही. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले गेले. गिरणीला कापूस शुल्कमुक्त, आणि तो पिकवणाऱ्याच्या पाठीवरच्या बॅटरीला १८ टक्के! आम्हाला पंप वाटू नका. कापसाचा भाव पाडू नका, बॅटरीवरचा कर ५ टक्क्यांवर आणा, पंप आम्ही आमच्या पैशाने पारखून घेऊ.

या मागण्या जिल्हा बैठकीत ठरावाच्या रूपाने येतील. येताना प्रत्येक गावाने आपल्याकडच्या मेलेल्या बॅटऱ्या आणि असतील तेवढ्या पावत्या बरोबर आणाव्यात. शिशाची जुनी बॅटरी भंगारवाल्याला नगावर देऊ नका, ती वजनावर विकली जाते. मंडपात मीटर आणि काटा ठेवलेला असेल. ज्यांना यंदा बॅटरी घ्यायची आहे त्यांनी नावे द्यावीत. दहा-दहा जणांनी मिळून एका दुकानदाराकडून घ्यायच्या, पाणी भरून तीन तास चालवून बघायच्या आणि हमीचा कागद सही-शिक्क्यानिशी हातात पडल्यावरच पैसे मोजायचे.