विश्लेषण : प्रश्न तोच, उत्तर तेच, मग क्लाउडचं बिल पुन्हा पुन्हा का?

सकाळी कामावर आल्या आल्या एखाद्या कंपनीतले ४० जण एकच डॅशबोर्ड उघडतात. कालची विक्री किती झाली, एवढाच सगळ्यांचा प्रश्न. उत्तरही सगळ्यांना एकच मिळतं. पण पडद्यामागे हा हिशोब ४० वेळा झाला की एकदाच, यावर महिनाअखेरीचं बिल ठरतं. हा फरक पाडणारी सोय म्हणजे ‘क्वेरी रिझल्ट कॅशिंग’.

हे नेमकं काय आहे?

क्लाउड डेटा वेअरहाऊस म्हणजे कंपनीचा प्रचंड डेटा साठवून त्यावर हिशोब करून देणारी भाड्याची यंत्रणा. गुगलचं बिगक्वेरी, स्नोफ्लेक आणि ॲमेझॉनचं रेडशिफ्ट ही त्यातली मोठी नावं. इथे विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. क्वेरी एकदा चालली की तिचं उत्तर जपून ठेवलं जातं. तीच क्वेरी पुन्हा आली, तर डेटा न वाचता ते तयार उत्तर दिलं जातं. बिगक्वेरी असं उत्तर साधारण २४ तास ठेवतं. स्नोफ्लेकमध्येही मुदत २४ तासांचीच. पण दर वापरागणिक ती वाढते, जास्तीत जास्त ३१ दिवसांपर्यंत.

पैसे किती वाचतात?

बिगक्वेरीच्या ‘ऑन-डिमांड’ पद्धतीत क्वेरीने जितका डेटा वाचला, तितके पैसे लागतात. महिन्याचा पहिला १ टेबिबाइट (१,०२४ गिबिबाइट) मोफत. त्यानंतर अमेरिकेतला दर टेबिबाइटला ६.२५ डॉलर. समजा, आपल्या डॅशबोर्डची क्वेरी दर वेळी २०० गिबिबाइट वाचते. मोफत कोटा संपल्यावर ४० वेळा ती चालली, तर एका सकाळचा खर्च साधारण ४९ डॉलर. पहिल्या वेळेनंतरची ३९ उत्तरं कॅशमधून आली, तर जेमतेम सव्वा डॉलर!

स्नोफ्लेकमध्ये वेअरहाऊस जितका वेळ चालू, तितके पैसे. सुरू केलं की किमान ६० सेकंदांचे. कॅशमधून उत्तर मिळालं, तर ते सुरूच करावं लागत नाही.

उत्तर शिळं असतं का?

नाही. मूळ टेबल बदललं की जपलेलं उत्तर बाद होतं. म्हणूनच ज्या टेबलात सतत नवा डेटा येत असतो, तिथे या सोयीचा फारसा उपयोग नाही.

मग अडतं कुठे?

क्वेरीचा मजकूर जसाच्या तसा असावा लागतो. अर्थ तोच, पण टेबलाचं टोपणनाव वेगळं ठेवलं, तरी यंत्रणेसाठी तो नवा प्रश्न.

दुसरी अडचण तारखेची. ‘करंट डेट’ फंक्शन वापरलेल्या क्वेरीला बिगक्वेरी कॅशमधून उत्तर देत नाही. म्हणजे ‘कालची विक्री’ आजच्या तारखेतून एक दिवस वजा करून काढली, तर ४९ डॉलरच मोजावे लागतात. क्वेरीत ठरावीक तारीख घातली की कॅश चालतं.

तिसरी गोष्ट, बिगक्वेरीत कॅश सहसा प्रत्येक वापरकर्त्याचं वेगळं असतं. ४० जण आपापल्या खात्यातून क्वेरी चालवत असतील, तर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कामी येत नाही. डॅशबोर्ड एकाच सामाईक खात्यातून चालत असेल, तरच वरचं गणित जुळतं.

एआयमुळे काय बदलतंय?

आता साध्या भाषेत प्रश्न विचारला की एआय स्वतः क्वेरी लिहून देतं. पण एकच प्रश्न दोघांनी विचारला, तर दोन्ही क्वेरींची शब्दरचना सारखी असेलच असं नाही. माणसाला उत्तर तेच दिसतं, बिल मात्र दोनदा लागतं. विचारणारे वाढतील तसा हा खर्चही वाढणार.

यावर उपाय आहे. रोज लागणारे आकडे रात्रीच एकदा काढून छोट्या सारांश टेबलात ठेवायचे आणि डॅशबोर्ड असो वा एआय, दोघांनाही तेच वाचायला लावायचं. मग कॅश चुकलं, तरी वाचावा लागणारा डेटा मोजकाच असतो.

क्वेरीचा वेग तपासताना मात्र कॅश बंद ठेवलेलं बरं. नाहीतर दुसऱ्या फेरीत क्वेरी सुसाट धावल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती धावलेलीच नसते.