विहीर झाली!

‘गाव कुठलं?’
‘पुसेगाव.’
‘अरे वा, सेवागिरी महाराजांचं!’

ऑफिसात हा डायलॉग आता पाठ झालाय. नाही हो, ते साताऱ्याचं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. एकच शब्द, दोन अर्थ. आजचा विषयही तोच आहे.

संक्रांतीला दोन दिवस गावी गेलो होतो. पाचवीतली पुतणी इंग्रजीची वही घेऊन आली. पानावर तीन रकाने: शब्द, उच्चार, अर्थ. वेट – वाट पाहणे. वेल – विहीर. रोज दहा शब्द पाठ. ‘काका, विचारा कोणताबी!’ विचारले. सगळे खटाखट. मग म्हटलं, ‘आता “मी बसची वाट पाहत आहे” हे इंग्रजीत सांग.’

‘आय वेट बस.’

आणि लगेच तिचा चेहरा पडला. कुठंतरी गडबड आहे हे तिलाही कळलं होतं.

तिचं काय चुकलं? माझंही हेच झालं होतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, तेव्हा मी तिसरीत. थोडक्यात गाडी हुकली! आमच्या बॅचची एबीसीडी पाचवीतच. त्या वर्षी सरांनी वहीवर शेरा मारला, ‘वेल डन’. मी धावत घरी जाऊन आईला सांगितलं, ‘विहीर झाली!’ आई म्हणाली, ‘कुणाची रे?’ यादीप्रमाणे मी शंभर टक्के बरोबर होतो, बॉस.

तेव्हा सगळे हसले. पण पुण्यातल्या पहिल्या नोकरीत मी सहा महिने मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही, तेव्हा हसू आलं नाही. शब्द हजारो येत होते. वाक्य एकही सुटत नव्हतं. सुटलं तेही ‘लेट्स डिस्कस अबाउट धिस’ असं. समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि मी परत गप्प.

गोम अशी आहे. मराठीत ‘बसची’ मधला ‘ची’ शब्दालाच चिकटून येतो. इंग्रजीत त्या जागी ‘फॉर’ वेगळा उभा राहतो आणि अर्थांच्या यादीत तो कुठंच नसतो. ‘डिस्कस’ची गंमत उलटी. त्याला पुढे काहीच लागत नाही, पण आपण ‘विषयावर चर्चा’च्या सवयीनं ‘अबाउट’ जोडतो. हे यादी सांगत नाही, वाक्य सांगतं. १८३१ साली आलेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही शब्दापुढे नुसता अर्थ नाही, लोक तो शब्द कसा वापरतात तेही आहे. आणि आपल्या आजोबांची पिढी तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्यं उलटसुलट करूनच इंग्रजी शिकली.

म्हणून आम्ही वहीत चौथा रकाना आखला: वाक्य. अट एकच. वाक्य आपल्या घरातलं आणि खरं हवं. पुस्तकातला ‘टॉम’ नको.

सुरुवात बसपासूनच. ‘पाहत आहे’ हे तिला परकं वाटत होतं. म्हटलं, ‘तू आईला कसं सांगशील?’ म्हणाली, ‘मी बसची वाट बघायले.’ हे ‘बघायले’ म्हणजेच इंग्रजीतलं ‘आय ॲम वेटिंग’! शाळेत ज्या बोलीला आपण लाजतो, तिनंच काळ समजावला. पुढच्या तासाभरात वही अशी भरली:

वेल – विहीर. ‘अवर वेल इज ड्राय इन मे.’
वेल – चांगलं, नीट. ‘आजी कुक्स वेल.’
बॉरो – उसनं घेणे. ‘आई बॉरोज शुगर.’
लेंड – उसनं देणे. ‘काकू लेंड्स शुगर.’

शेवटची दोन नीट वाचा, मंडळी. मराठीत ‘उसनं’ एकच, इंग्रजीत घेणारा-देणारा बघून क्रियापद बदलतं. शेजारच्या डेस्कवर ‘कॅन यू बॉरो मी युअर चार्जर?’ म्हणणारे पदवीधर मी स्वतः ऐकलेत. (एकदा आरशात.)

निघायच्या दिवशी सकाळी तिनं एक शब्द एकटीनं केला आणि वही माझ्यापुढे ठेवली.

प्रॉमिस – शब्द देणे. ‘काका प्रॉमिस्ड टू कम फॉर दिवाळी. ही डिड नॉट कम.’

मी लाल पेन काढलं. भूतकाळ बरोबर. ‘डिड’नंतर मूळ क्रियापद, बरोबर. ‘फॉर’सुद्धा जागच्या जागी. दुरुस्त करण्यासारखं त्या वाक्यात काहीच नव्हतं. जे होतं ते माझ्यात होतं. दिवाळीत मी ‘वर्कलोड’ सांगून पुण्यातच राहिलो होतो.

तुमच्याही घरी, गावी अशी एखादी वही असेल. पुढच्या फोनवर ‘अभ्यास कसा चाललाय?’ विचारू नका. एक शब्द द्या आणि घरचं, खरं वाक्य मागा. ऐकायची तयारी मात्र ठेवा.

मी त्या वाक्याखाली लिहिलं, ‘वेल डन’. तिनं वाचलं, हसली आणि विचारलं, ‘आता उन्हाळ्यात येता का?’

या वेळी मी प्रॉमिस केलं नाही. तिच्यासमोरच तिकीट काढलं.