मजूर मिळेना अन् काम मिळेना! नाशिक जिल्ह्यातल्या दोन्ही तक्रारी खऱ्या कशा?

निफाड, दिंडोरी, चांदवडच्या शेतकऱ्याला विचारा, तो म्हणतो माणूसच मिळत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यावर विचारा, तिथे सांगतात भात काढून झालं की हाताला काम नाही. जिल्हा एकच, अंतर दोन-तीन तासांचं, आणि दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही. मग घोडं अडतं कुठे?

टंचाई वर्षभराची नाही, ठरावीक दिवसांची

द्राक्षबागेचं काम कॅलेंडरवर चालतं. फळछाटणी झाली की एक-दोन दिवसांत पेस्ट लावावी लागते. पुढे फेलफूट काढणी, डिपिंग, विरळणी ही कामं एकामागून एक येतात आणि प्रत्येक कामाला मोजके दिवस मिळतात. विरळणी लांबली तर घडाचा दर्जा जातो आणि निर्यातीचा माल लोकल भावात द्यावा लागतो. कांद्याचंही तेच. उन्हाळ कांद्याचं रोप तयार झालं की डिसेंबर-जानेवारीत लागवड उरकावी लागते, नाहीतर रोप हातचं जातं.

आता दुसरी बाजू बघा. पेठ-सुरगाण्यात शेती पावसावर आहे. भात, नागली, वरईची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. म्हणजे निफाडला छाटणीच्या कामाला माणसं लागतात, तेव्हाच तिकडचा माणूस स्वतःच्या खाचरात असतो. ही टंचाई खरी आहे आणि कुठल्याही ॲपने ती मिटणार नाही. पण दिवाळी झाली, भात घरात आलं की घरंच्या घरं बाहेर पडतात. त्यानंतरही शेतकऱ्याला माणूस मिळत नसेल, तर अडचण माणसांची नसून गाठ पडण्याची आहे.

मुकादम नेमकं काय करतो?

सध्या ही गाठ तीन ठिकाणी पडते. एक, गिरणारेसारख्या मजूर बाजारात. सकाळी माणसं येऊन थांबतात आणि शेतकरी गाडी घेऊन येतो. भाव तिथेच ठरतो. ज्याला गाडी मिळाली नाही, त्याचा दिवस बुडाला. दोन, ओळखीतून. मागच्या वर्षीची टोळी यंदाही त्याच बागेत येते. तीन, मुकादमाकडून.

मुकादमाला नावं ठेवणं सोपं आहे. पण तो एकटा चार कामं करतो. माणसं गोळा करतो, गाडी लावतो, दर ठरवतो आणि अडीनडीला उचल देतो. शिवाय एका बागेचं काम संपलं की दुसरी बाग तयार ठेवतो. मजुराला सगळ्यात जास्त गरज याचीच असते, कारण बिऱ्हाड घेऊन आलेल्या कुटुंबाला मधले चार दिवस रिकामे गेले तर कमाई खाण्यातच संपते.

म्हणूनच व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘वीस मजूर पाहिजे, संपर्क करा’ असा मेसेज टाकून भागत नाही. नंबर मिळतो, भरवसा मिळत नाही. शेतकऱ्याने उचल पाठवली आणि टोळी आलीच नाही, असं घडतं. टोळीने एकर दोन एकर काम केलं आणि शेवटचा हिशोब निम्माच मिळाला, असंही घडतं. दोघांकडे कागद नसतो, त्यामुळे तक्रारही होत नाही.

60 दिवसांचा नवा प्रश्न

रोजगार हमीचा कायदा देशात सर्वात आधी महाराष्ट्राने 1977 मध्ये केला. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने 100 दिवसांच्या कामाची हमी दिली. 2025-26 साठी राज्यात या योजनेचा मजुरी दर दिवसाला 312 रुपये होता. ‘हमीच्या कामामुळे शेताला मजूर मिळत नाही’ ही बागायतदारांची जुनी तक्रार. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या कायद्यात हमी 125 दिवसांची झाली. पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची तरतूदही आली.

आपल्या जिल्ह्यात पेच इथेच आहे. हंगाम कोणाचा धरायचा? निफाडचा की पेठचा? पेठचा स्वतःचा हंगाम म्हणजे जून-जुलैची आवणी आणि दिवाळीच्या आसपासची कापणी. तिथली कामं द्राक्ष-कांद्याच्या हंगामासाठी बंद ठेवली, तर ज्या बाईला लहान लेकरामुळे किंवा घरच्या म्हाताऱ्यांमुळे गाव सोडता येत नाही, तिच्या हातचं गावातलं कामही जाईल. ती काही निफाडला जाणार नाही. म्हणजे शेतकऱ्याला मजूर मिळणार नाही आणि तिला मजुरी मिळणार नाही. वेगवेगळ्या भागांसाठी वेगळा काळ ठरवण्याची मुभा राज्याला आहे. ती तालुकानिहाय वापरली जाते की एकच तारीख सगळ्या जिल्ह्याला लावली जाते, यावर ग्रामसभांनी आत्ताच बोलायला हवं.

गावपातळीवर काय जमू शकतं?

ग्राम रोजगार सेवकाकडे जॉबकार्डधारकांची यादी असतेच. कोण बाहेर जायला तयार आहे, कधीपासून, बिऱ्हाडासह की रोज ये-जा करून, एवढं त्या यादीत जोडलं तरी पहिलं पाऊल पडेल. दुसऱ्या टोकाला पाच-सहा शेतकऱ्यांनी छाटणीच्या तारखा आपसात चार-चार दिवसांनी पुढे-मागे ठेवल्या, तर एकाच टोळीला सलग काम देता येतं. सलग कामाची खात्री असली की टोळी दुसरीकडे वळत नाही. हे काम शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गावची सोसायटीही करू शकते.

तिसरी गोष्ट कागदाची. साध्या वहीच्या पानावर दर, रोज की उक्ते, गाडीभाडं कोणाचं, राहण्याची आणि पाण्याची सोय, बाई-माणसाची मजुरी, आणि पैसे कोणत्या दिवशी, एवढं लिहून दोघांनी सह्या किंवा अंगठे करायचे. फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवायचा. वाद निम्मे तिथेच संपतील.

चौथी गोष्ट गाडीची. पिकअपमध्ये दाटीवाटीने माणसं भरून आणणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारं आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता 20 रुपये आहे, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण मिळतं. 18 ते 70 वयाच्या कोणालाही बँक खात्यातून तो काढता येतो. टोळी ठरवताना प्रत्येकाचा विमा आहे का, हे विचारायला शेतकऱ्याला खर्च काहीच नाही.

यात मुकादमाला हटवायचं असं नाही. त्याच्याकडे माणसं जोडण्याची हातोटी आहे, ती राहू द्या. फक्त त्याचा हिशोब उघड्यावर यायला हवा: शेतकऱ्याने किती दिले, मजुराच्या हातात किती पडले. हा आकडा दोघांना कळला, तर पुढच्या हंगामात कोणासोबत काम करायचं हे दोघंही आपापलं ठरवतील.