मनीचा पंजा काय सांगतो?

एका वाचक भगिनीने पत्रातून आपली पंचाईत कळवली आहे. घरात दोन वर्षांची मनी आहे. बाई ओट्याशी उभ्या राहिल्या की ती पोटरीला पंजा लावते. वाचायला बसलं तर पुस्तकावर पंजा. पहाटे पाचला गालावर पंजा! एवढं सगळ्यांनी सोसलं, पण गेल्या आठवड्यात धाकट्याच्या हातावर ओरखडा उठला आणि सासूबाईंनी निकाल दिला, "पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या." मुलं रडताहेत, यजमान गप्प आहेत. आता बाईंनी करायचं काय?

मैत्रिणींनो, आधी ओरखड्याचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही. मांजराने चावलं किंवा नख लागून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, कारण रेबीज मांजरामुळेही होतो. लस घ्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं, आपण नव्हे. या भगिनीने अजून दाखवलं नसेल, तर आज हातातलं काम टाकून जावं.

आणि सासूबाईंना सांगण्यासारखी एक गोष्ट इथेच आहे. ओरखडा काढणारं मांजर दहा दिवस नजरेसमोर ठेवायचं असतं. या काळात ते धडधाकट राहिलं, तर मोठी काळजी मिटते. (लस मात्र त्यासाठी लांबवायची नाही.) मांजर नदीपलीकडे गेलं, तर पाहणार कोणाला? शिवाय पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

आता पंजाकडे वळू. मांजराच्या पुढच्या पायांना पाच-पाच बोटं असतात, मागच्यांना चार-चार. एरवी नखं आत ओढलेली असतात, हवी तेव्हाच बाहेर येतात. म्हणून पंजा कसा लागला ते पाहावं. मऊ, गादीसारखा लागला तर ती नुसती हाक आहे, "अगं, इकडे बघ ना!" नखं बाहेर असतील तर ती खेळाच्या भरात आहे, घाबरली आहे किंवा "आता पुरे" म्हणते आहे. अशा वेळी कान मागे पडतात, शेपटी फटकारू लागते. तेव्हा हात काढून घ्यावा.

मांडीवर बसून ती दोन्ही पंजांनी कणीक तिंबल्यासारखं करते, ते मात्र वेगळं. पिल्लू असताना दूध यावं म्हणून आईचं पोट ती अशीच दाबत असते. मोठेपणीही सुखात असली की तेच करते. त्यात नखं टोचतात, पण तो राग नव्हे. तिला ढकलून न देता मांडीवर जाड टॉवेल घ्यावा, झालं!

मग सारखा सारखा पंजा का? अहो, आपणच शिकवतो. एकदा तिने पंजा लावला, आपण "काय गं?" म्हणून वाटीत काहीतरी घातलं. तिने हिशोब पक्का केला. रागावलो तरी आपण तिच्याकडे पाहिलंच ना? आणि दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा दिलं, तर सवय आणखी घट्ट होते. बाजारात फुग्यासाठी हट्ट धरणारं पोर काय वेगळं करतं?

तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. पंजा लावला की बघायचं नाही, बोलायचं नाही. शांत बसली की मात्र आपण होऊन हाक मारायची, डोक्यावरून हात फिरवायचा. पहिले काही दिवस पंजा वाढेल. त्याच दिवसांत आपला धीर सुटतो, तो सुटू द्यायचा नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला चळवळ करणं हा मांजराचा स्वभावच आहे. म्हणून रात्री निजण्यापूर्वी दहा मिनिटं तिला दमवावं आणि मग शेवटचं खाणं द्यावं. पहाटेची हाक हळूहळू कमी होते.

खेळवताना बोटं नाचवायची नाहीत. काठीला चिंधी बांधून खेळवावं आणि खेळ संपला की ती उचलून ठेवावी, कारण दोरा पोटात गेला तर आतड्याला इजा होते. मुलांना हे नीट समजावून सांगा, ओरखडे बरेचदा बोटांच्या खेळातूनच उठतात. नखांची टोकं दर दोन-तीन आठवड्यांनी कापावीत. फक्त पुढचं पांढुरकं टोक, आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि पुढे जनावरांचे डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता द्यावी.

एक मात्र विसरू नका. कधी अंगाला न लागणारं मांजर एकाएकी सारखं पंजा लावू लागलं, खाईनासं झालं, तर त्याला काही दुखत असू शकतं. बोका लघवीसाठी कुंथतो आहे आणि होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उशीर जिवावर बेततो. घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, मांजराला ती विष आहे.

आणि हो, सासूबाईंनी काढून ठेवलेलं ते पोतं फेकू नका. एका फळीला घट्ट गुंडाळून खिळे ठोका आणि मनी झोपते तिथे उभं करा. तिच्या बोटांमधल्या ग्रंथींचा वास त्याला लागला की ती नखं तिथेच घासेल, खुर्च्या वाचतील. पोत्याचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही!