मान कोणाला, आणि कोणासमोर?

कापसाचे पैसे हाती आले की आपल्याकडची मैदाने जागी होतात. मोताळ्यापासून धामणगाव बढे, रोहिणखेडपर्यंत कुठे कबड्डीचे सामने ठरतात, कुठे यात्रेतल्या कुस्त्यांची बोलणी सुरू होतात. मंडळाची बैठक बसते, वर्गणीचा अंदाज निघतो आणि मग पाहुणा कोण, सत्कार कोणाचा, यावर चर्चा येते. नावाजलेला जुना पैलवान, निवृत्त प्रशिक्षक, संघटनेचा एखादा पदाधिकारी, अशी नावे निघतात. त्यातल्या एखाद्या नावावर कोणीतरी दबक्या आवाजात हरकत घेतो. तेव्हा ठरलेले उत्तर मिळते: माणूस कसाही असो, खेळाडू खरा होता. विषय तिथेच मिटतो आणि पत्रिका छापायला जाते.

तो तिथे मिटू नये, असे आमचे ठाम मत आहे. मैदानावरचा पराक्रम कोणाला पुसता येत नाही, पुसूही नये. ज्याने कुस्ती जिंकली त्याने ती जिंकली. नोंदवहीत त्याचे नाव राहिलेच पाहिजे. पण सत्कार ही जुनी गोष्ट नसते. तो आपण आज करतो, गावाच्या पैशाने करतो आणि आपल्या मुलामुलींना समोर बसवून करतो. म्हणून त्याचा जाब पाहुण्याच्या पूर्वायुष्याला नव्हे, आजच्या मंडळाला द्यावा लागेल.

दंगलीत मान कसा दिला जातो ते बारकाईने पाहा. हलगी कडाडते. पाहुण्याला फेटा बांधला जातो, त्याच्या हस्ते आखाड्याचे पूजन होते, नारळ फुटतो. मग मानाच्या कुस्तीचे दोन्ही मल्ल त्याच्यासमोर येतात. तो दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो आणि कुस्ती लावतो. उतरण्यापूर्वी पोरे त्याच्या पायांना हात लावतात, मग माती कपाळाला लावतात. मातीइतकाच मान त्या माणसाला मिळतो. कबड्डीत संघ रांगेत उभे राहतात आणि पाहुणा एकेका खेळाडूशी हस्तांदोलन करत पुढे जातो. आता त्या रांगेत मुली आहेत. सांगलीत मार्च 2023 मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. खेड्यातल्या मुलींनी त्या दिवसापासून आखाड्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली असेल. त्यांतल्या एखादीला ज्या माणसाच्या हातात हात द्यायचा आहे, त्याच्याविषयी तिच्या मैत्रिणींमध्ये काय बोलले जाते, हे मंडळाला माहीत नसते, किंवा माहीत असून ते गप्प राहते. सत्काराचा विचार व्यासपीठावरून न करता या रांगेतून केला, तर अर्धी उत्तरे आपोआप सापडतात.

त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्यात कोथरूडला पुरुषांची महाराष्ट्र केसरी झाली. 14 जानेवारीच्या अंतिम लढतीला भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह पाहुणे म्हणून आले होते. चारच दिवसांनी, 18 जानेवारीला, विनेश फोगट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले आणि महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाचा आरोप देशासमोर आला. पुण्याच्या आयोजकांना हे आधी ठाऊक होते, असे म्हणायला आधार नाही, आणि आम्ही तसे म्हणत नाही. पण पुढे काय घडले ते सर्वांसमोर आहे. एप्रिलमध्ये कुस्तीगीर पुन्हा रस्त्यावर आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे गुन्हे नोंदले गेले. मे 2024 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोप निश्चित केले. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचे पॉक्सोचे प्रकरण मे 2025 मध्ये बंद झाले. प्रौढ महिला कुस्तीगिरांच्या तक्रारींवर आरोप निश्चित झालेला खटला हा त्याहून वेगळा आहे. ब्रिजभूषण यांनी सर्व आरोप नाकारले आहेत आणि न्यायालय दोषी ठरवत नाही तोवर ते निर्दोष आहेत, हे आम्हाला मान्य आहे.

पण निर्दोष मानणे आणि फेटा बांधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खटला चालू असताना माणसाला दोषी धरून शिक्षा करता येत नाही, त्याची रोजीरोटी हिरावता येत नाही, त्याला गुन्हेगार म्हणता येत नाही. हे त्याचे हक्क आहेत. सत्कार हा मात्र कोणाचाही हक्क नाही. तो दिला नाही म्हणून कोणाला शिक्षा होत नाही. आरोप गंभीर असेल आणि निकाल लागायचा असेल, तर मंडळाने थांबावे. माणूस सुटला तर पुढच्या वर्षी दुप्पट वाजतगाजत बोलवावे. थांबल्याने त्याचे एका संध्याकाळपुरते नुकसान होते. न थांबल्याने तक्रार करणाऱ्या मुलीला कळते, की गाव कोणाच्या बाजूला आहे.

सन्मान काढून घेणे आपल्याला जमत नाही, असे मुळीच नाही. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात चाळीस जवान मारले गेले. त्यांत आपल्या जिल्ह्याचे दोघे होते, शेजारच्या मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्राचे नितीन राठोड. तो राग आणि ते दुःख या भागाने अगदी जवळून पाहिले आहे. त्याच दिवसांत मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमच्या मालक असलेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने आपल्या उपाहारगृहात लावलेले इम्रान खान यांचे छायाचित्र झाकून टाकले. त्या क्षणी इम्रान पाकिस्तानचे पंतप्रधान होते. 1992 चा विश्वचषक जिंकणारे कर्णधार ही त्यांची ओळख मागे पडली. क्लबच्या त्या निर्णयामागची भावना आम्ही समजू शकतो, मलकापूरच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांना ती न समजणे अशक्य आहे. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. परक्या देशाच्या माणसाचे चित्र झाकायला दोन दिवस पुरले. त्यासाठी चौकशी लागली नाही, कोर्टाचा निकाल लागला नाही, समितीतल्या कोणाचे काही बिघडले नाही. आपल्यातल्या माणसाविषयी आपल्याच मुली काही सांगतात, तेव्हा मात्र प्रत्येक संघटनेला न्यायप्रविष्ट हा शब्द आठवतो. क्रिकेट मंडळाने त्याची मान्यता नसलेल्या आयसीएल स्पर्धेत गेल्याबद्दल कपिलदेव यांचे निवृत्तिवेतन वर्षानुवर्षे थांबवले होते. त्यांनी खेळात किंवा खेळाडूंशी काही वाईट केले नव्हते. मंडळाची आज्ञा मोडली, एवढाच त्यांचा दोष. म्हणजे मान काढून घेण्याची ताकद संघटनांत भरपूर आहे. ती कोणासाठी वापरायची, यातच सगळी गोम आहे.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे उदाहरण या बाबतीत आम्हाला फार बोलके वाटते. जो पॅटर्नो हे तिथल्या फुटबॉल संघाचे सेहेचाळीस वर्षे मुख्य प्रशिक्षक होते. विद्यापीठाने ते हयात असतानाच, 2001 मध्ये, मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभारला. पुढे त्यांचे जुने सहायक जेरी सँडस्की यांनी लहान मुलांवर वर्षानुवर्षे अत्याचार केल्याचे उघड झाले, आणि जून 2012 मध्ये त्यांना पंचेचाळीस आरोपांत दोषी ठरवण्यात आले. पॅटर्नो यांनी स्वतः कोणा मुलाला हात लावला नव्हता. पण एक तक्रार त्यांच्या कानावर आली होती, आणि ती वरिष्ठांना सांगून ते मोकळे झाले. जुलै 2012 मध्ये विद्यापीठाने पुतळा हलवला. क्रीडासंघटनेने त्यांच्या 111 विजयांची नोंदही रद्द केली, आणि ही मात्र चूक होती. ते सामने खरोखर खेळले गेले होते, मुलांनी घाम गाळून जिंकले होते. 2015 मध्ये ते विजय नोंदीत परत आले. पुतळा परत आला नाही. आमच्या मते शेवटी जे झाले ते योग्य झाले. विजय खेळाडूंचे होते. पुतळा मात्र विद्यापीठाने उभारला होता, आणि तो ठेवायचा की नाही हेही त्यालाच ठरवायचे होते.

इथे आपल्या भागातली एक खरी अडचण मान्य केली पाहिजे. छोट्या गावात तट असतात. एखाद्या तालमीचा वस्ताद किंवा शाळेचा क्रीडाशिक्षक दुसऱ्या गटाला नको असेल, तर त्याच्यावर किटाळ आणायला वेळ लागत नाही. कुजबुजीवर कोणाचा मान काढायचा ठरवले, तर चांगली माणसेही बळी पडतील. सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव आठवा. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, 2016 मध्ये, ते उत्तेजक चाचणीत सापडले. कोणीतरी अन्नात भेसळ केली, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे नाडाने, ते मानले, पण ऑगस्टमध्ये क्रीडा लवादाने ते फेटाळून त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. त्यांनी ती भोगली आणि ते पुन्हा आखाड्यात उतरले. त्यांच्या तिन्ही गदा त्यांच्याच आहेत, त्या आधीच्या वर्षांतल्या होत्या. असा माणूस मोताळ्याच्या दंगलीला आला, तर आम्ही त्याला बसायला खुर्ची देऊ. फक्त त्याची ओळख करून देताना बंदीचा भाग गाळू नये. पोरांनी तोही ऐकावा, आणि शक्य असेल तर त्याच्याच तोंडून ऐकावा.

अहिल्यानगरला फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र केसरीच्या लढतीत मल्ल शिवराज राक्षे यांनी पंचाला लाथ मारली आणि त्यांच्यावर तीन वर्षांचे निलंबन जाहीर झाले. पंचाच्या निर्णयावर वाद असू शकतो, पण लाथ ही लाथच. तरीही भर मैदानात, हजारो लोकांसमोर एका क्षणी सुटलेला तोल, आणि बंद खोलीत आपल्या हाताखालच्या मुलीवर किंवा मुलावर वापरलेला अधिकार, यांना एकाच मापाने मोजणे आम्हाला पटत नाही. पहिल्याची शिक्षा भोगून संपते. दुसऱ्यात ज्याच्यावर विश्वासाने मूल सोपवले, त्यानेच घात केलेला असतो. अशा माणसाला, दोष सिद्ध झाल्यावर, कोणत्याही संघाने पुन्हा व्यासपीठावर बसवू नये. त्याने किती पदके आणली, हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. पैसे घेऊन सामना विकणारा या दोघांच्या मध्ये कुठेतरी येतो. बंदी संपल्यावर त्याला खेळू द्यावे, शिकवू द्यावे, पोट भरू द्यावे. 2013 च्या आयपीएल प्रकरणात आजन्म बंदी आलेल्या मुंबईच्या अंकित चव्हाण यांची बंदी पुढे कमी झाली, ते योग्यच झाले. मैदानावर परत येण्याचा हक्क आणि मैदानाला नाव मिळण्याचा मान, यांत मोठे अंतर आहे.

नावावरून हैदराबादचे उदाहरण घ्या. मोहम्मद अझरुद्दीन यांच्यावर 2000 मध्ये क्रिकेट मंडळाने सामनेनिश्चितीवरून आजन्म बंदी घातली, 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. 2019 मध्ये ते स्वतः हैदराबाद क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष असताना स्टेडियमच्या एका स्टँडला त्यांचे नाव दिले गेले. एप्रिल 2025 मध्ये संघटनेच्या लोकपालांनी ते काढायला सांगितले, ते हितसंबंधांच्या कारणावरून, आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. 99 कसोटींचा हा कलावंत फलंदाज मोठाच होता. पण आपण ज्या संघटनेच्या खुर्चीत बसलो आहोत, तिने आपलेच नाव भिंतीवर लिहू नये, हे साधे आहे. हयात माणसांची नावे मैदानांना, चषकांना देण्याची घाई आपल्याकडेही आहे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्याच्या नावाचा चषक भरतो. निदान खेळाडूंच्या बाबतीत तरी हे थांबवावे. सत्कार करायचाच असेल तर आपल्या जिल्ह्यात ताजी नावे आहेत. बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने मे 2023 मध्ये शांघायला तिरंदाजीच्या विश्वचषकात जगातल्या अव्वल तिरंदाजाला हरवून सुवर्ण जिंकले. त्याच्यासमोर आपल्या पोरांना बसवा.

संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेसाठी धोरण असणे त्यात राष्ट्रीय संघटनांना बंधनकारक आहे. पण दिल्लीतल्या महासंघाचे धोरण मोताळ्याच्या कबड्डी मंडळापर्यंत आपोआप पोहोचणार नाही. 2023 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अनेक क्रीडासंघटनांना, लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समितीच नाही म्हणून नोटिसा पाठवल्या होत्या. देशपातळीवर ही अवस्था, तर गावातल्या मंडळाकडे तक्रार घेऊन कोणती मुलगी जाईल, आणि कोणाकडे जाईल?

म्हणून आमची सूचना अगदी छोटी आहे. तालुक्यातल्या प्रत्येक मंडळाने, तालमीने आणि शाळेच्या क्रीडाविभागाने हंगामापूर्वी अर्ध्या पानाचा नियम लिहून काढावा आणि तो कार्यालयात लावावा. सत्काराच्या नावावर हरकत असेल तर ती तोंडी नव्हे, लेखी घ्यावी, आणि देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे. ती ऐकणाऱ्या तिघांत एक तरी महिला असावी आणि एक माणूस मंडळाबाहेरचा, शक्यतो परगावचा असावा, म्हणजे तटांचे राजकारण शिरणार नाही. गुन्हा नोंदलेला असेल किंवा संघटनेची कारवाई चालू असेल, तर निकालापर्यंत मान थांबवावा. नुसती कुजबुज असेल, तर थांबवू नये. दिलेला मान परत घ्यायची वेळ आली, तर कारण लिहून जाहीर करावे, रात्रीतून फलक उतरवू नये. आणि विजेत्यांच्या यादीतले नाव कधीही खोडू नये.

तालुका क्रीडा अधिकाऱ्यांनी या नियमाचा एक नमुना तयार करून सर्व मंडळांना द्यावा, आणि ज्या मंडळाने तो लावला आहे त्यालाच स्पर्धेसाठी शासकीय मैदान द्यावे. पत्रिका छापखान्यात जाण्याआधी हे करता येण्यासारखे आहे. नियम लिहायच्या बैठकीला मंडळाच्या कार्यकारिणीसोबत मुलींच्या संघाची कर्णधार आणि तिची आई, दोघींना बोलवा, आणि पाहुण्याचे नाव ठरवताना पहिले मत त्यांचे घ्या.