सांध्याचे दुखणे आणि सोनोग्राफीचे यंत्र

मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद सुजावा, पांघरुणाचा स्पर्शही सोसवू नये, आणि आठ-दहा दिवसांत सारे ओसरून जावे, हा अनुभव अनेकांना येतो. ‘वाताचा त्रास’ म्हणून माणूस वेदनाशामक गोळ्या घेतो व कामाला लागतो. पुष्कळदा ही व्याधी गाउटची असते. रक्तात यूरिक आम्ल वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचतात. गोळ्यांनी वेदना शमते, स्फटिक तसेच राहतात. आणि वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. वस्तुतः यूरिक आम्ल आटोक्यात ठेवणारी अ‍ॅलोप्युरिनॉलसारखी औषधे महागडी नाहीत. महाग पडते ते चुकलेले निदान.

ते चुकते, कारण ऐन दुखण्यात रक्ततपासणी कित्येकदा निर्दोष येते, आणि क्ष-किरणांत हाडाची झीज दिसेतो वर्षे उलटतात. सांध्यातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हीच सर्वांत खात्रीची पद्धत. पण ती सोय सर्वत्र नसते. येथे सोनोग्राफी साहाय्यास येते. कूर्चेवर स्फटिकांचा थर बसला की हाडाच्या रेषेला समांतर दुसरी उजळ रेषा पडद्यावर उमटते. अमेरिकेतील व युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली संयुक्तपणे ठरविलेल्या निकषांत या दुहेरी रेषेला स्थान आहे. अर्थात आजाराच्या आरंभी ती दिसेलच असे नाही; म्हणून ती नाही, यावरून गाउट नाही असे ठरत नाही.

आपल्याकडे हे यंत्र म्हणजे गर्भतपासणीचे, असेच समीकरण झाले आहे. त्याच्या दुरुपयोगामुळे महाराष्ट्राने १९८८ साली व देशाने १९९४ साली कायदा केला. सांध्यांच्या तपासणीसाठी तो सैल करावा, असे कोणी सुचवील. ते सर्वथा अमान्य व्हावे. नोंदणीकृत यंत्रे तालुक्याच्या गावीही आहेत. त्यांना सांध्यासाठी योग्य असा प्रोब हवा आणि ती रेषा ओळखणारा डॉक्टर हवा.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे भांडवल आहे, कौशल्य अपुरे आहे. आणि कौशल्यावरचा खर्च नव्या यंत्रावरील खर्चाहून कितीतरी कमी असतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांसाठी सांध्यांच्या सोनोग्राफीचे अल्पमुदतीचे वर्ग नियमितपणे चालवावेत. अंगठा धरून बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या माणसाला पुन्हा त्याच गोळ्या देऊन परत पाठविण्यापेक्षा हे निश्चित श्रेयस्कर ठरेल.