आधी पोटगी, मग तडजोड

मध्यस्थी केंद्राच्या बाहेरच्या बाकावर ती बसली होती. मांडीवर चार वर्षांची मुलगी झोपलेली. त्या दिवशी तिची पाचवी तारीख होती आणि नवरा आलाच नव्हता. त्याच्या वकिलांनी निरोप दिला, कामावरून रजा मिळाली नाही, पुढची तारीख द्या. पुढची तारीख मिळाली, तीन आठवड्यांनंतरची. आम्ही दोघी चहा घेत होतो. ती बोटांवर हिशेब करत म्हणाली, "एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेवढं बरं. पण खुरपणीचा तीनशेचा रोज बुडतो. पोरीला काहीतरी खायला घ्यावं लागतं. कागदांच्या झेरॉक्स वेगळ्याच. पाच वेळचे किती झाले बघा. ताई, तुम्हीच म्हणाला होता ना, तडजोड फुकट असते म्हणून?"

म्हणाले होते खरी. आणि कायद्याच्या भाषेत ते खोटंही नाही. न्यायालयाने पाठवलेल्या मध्यस्थीत मध्यस्थाची फी तिला भरावी लागत नाही. पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसेच्या प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तिच्या उत्पन्नाची अट नाही. आपल्याच कितीतरी कार्यकर्त्यांना हे ठाऊक नसतं आणि त्या उत्पन्नाचा दाखला आणायला बाईला तहसील कचेरीत पिटाळतात. ही माहिती गावोगाव पोचवायलाच हवी. पण एवढ्याने मध्यस्थी फुकट होत नाही. तिचा खरा खर्च पावतीवर येत नाही. तो घरात होतो.

मध्यस्थीला माझा विरोध नाही, हे आधी सांगते. कुटुंब न्यायालयं व्हावीत, बायकांना काळ्या कोटांच्या गर्दीत आरोपीसारखं उभं राहावं लागू नये, ही स्त्री संघटनांचीच मागणी होती. १९८४ साली कायदा झाला. १९८९ मध्ये पुण्यात आणि मुंबईत न्यायालयं सुरू झाली. त्या कायद्याच्या कलम ९ ने तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलं. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. श्रीनिवास राव खटल्यात वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवण्यावर भर दिला. वेगळं होणाऱ्या आईबापांनी मुलाच्या शाळेबद्दल, सुट्टीबद्दल, आजारपणाबद्दल समोरासमोर बसून ठरवलं, तर त्या मुलाचं बालपण कोर्टाच्या आवारात सरत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाच्या खिशात दरमहा पगार येतो आणि दुसरीच्या घरी उद्याच्या पिठाची पंचाईत असते. अशा वेळी त्या बोलण्याला वाटाघाट म्हणायचं का?

आपल्याकडे प्रत्यक्षात काय घडतं? बाई पोटगीचा अर्ज करते, त्याबरोबर अंतरिम पोटगीचाही. प्रकरण मध्यस्थीकडे जातं. मग अंतरिम अर्जावर कोणी बोलत नाही. 'बोलणी चालू आहेत ना, होऊ द्या की आधी.' तारखा पडत राहतात. तारीख पुढे गेली की नवऱ्याचं काही जात नाही, उलट एका महिन्याचे पैसे वाचतात. बाईचं मात्र किराणा दुकानातलं खातं वाढतं, मुलांची फी थकते आणि माहेरी भावजयीची बोलणी सुरू होतात. सहाव्या-सातव्या महिन्यात समोरून एकरकमी आकडा येतो. तो आकडा तिच्या हक्काच्या निम्माही नसतो, पण त्या दिवशी तिला तो डोंगराएवढा दिसतो. ती सही करते. कागदावर लिहिलं जातं, 'उभय पक्षांनी स्वखुशीने.' ही स्वखुशी नव्हे. ही भुकेची सही आहे.

यात माझाही वाटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी मी एका बाईला म्हटलं होतं, "अंतरिमचा अर्ज आत्ता रेटू नका, वातावरण बिघडेल, तो बोलणीच सोडून जाईल." समाजकार्याच्या वर्गात शिकले होते की दोन्ही बाजूंचा विश्वास टिकवायचा असतो. त्याचा मी लावलेला अर्थ हा होता. आठ महिने गेले. त्यात तिने मंगळसूत्र मोडलं, मुलाला इंग्रजी शाळेतून काढून नगरपालिकेच्या शाळेत घातलं आणि शेवटी एका फुटकळ रकमेवर प्रकरण मिटवलं. विश्वास टिकला तो त्याचा. किंमत मोजली तिने. तेव्हापासून मी हा सल्ला कोणालाही दिलेला नाही.

कायदा तरी असं थांबायला सांगतो का? मुळीच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये दावा चालू असतानाची पोटगी आणि दाव्याचा खर्च, दोन्ही मागता येतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी होतं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. या दोन्ही वाटांनी केलेला अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यातच लिहिलं आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २३ खाली तर दंडाधिकारी तातडीचा अंतरिम आदेश देऊ शकतात. मध्यस्थी चालू असली की हे अर्ज बाजूला ठेवावेत, असं यांपैकी एकाही कलमात नाही. ही सवय आपण सगळ्यांनी मिळून लावून घेतली आहे.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. आणि दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र दाखल करावं. मला दुसरी गोष्ट मध्यस्थीसाठी फार मोलाची वाटते. नवऱ्याचा पगार किती, गावाकडे जमीन किती, हे कागदावर न येता जी बोलणी होतात, ती अंधारातली बोलणी. अंधारात ज्याच्या हातात कंदील असतो, तोच वाट ठरवतो.

दूरचं एक उदाहरण देते. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१३ पासून घटस्फोटासारख्या बहुतेक कौटुंबिक दाव्यांसाठी मिळणारी सरकारी वकिलीची मदत काढून घेतली गेली. पुराव्यासह हिंसा दाखवणाऱ्यांना ती राहिली, आणि मध्यस्थीसाठीची मदतही राहिली. सरकारचा हिशेब असा, की वकील नसला की लोक आपोआप मध्यस्थीकडे वळतील. झालं उलटंच. सरकारी मदतीवर मध्यस्थीला येणाऱ्यांची संख्या कोसळली, कारण मध्यस्थीची वाट दाखवणारे वकीलच होते. मग मार्च २०२१ मध्ये तिथे वेगळी योजना आली. मुलांच्या ताब्याचा किंवा भेटीचा वाद मध्यस्थीने सोडवू पाहणाऱ्या कुटुंबाला ५०० पौंडांपर्यंत मदत. योजना चांगलीच. पण त्यातही पैसे जातात ते मध्यस्थाच्या फीकडे. त्या काळात आईने घर कशावर चालवायचं, हा प्रश्न तिथेही उरतोच. आपण त्यातून दोन धडे घ्यावेत. मध्यस्थी हवी असेल तर सरकारने खिशात हात घालावा. आणि वकिलाची मदत काढून मध्यस्थी वाढत नसते.

आपल्याकडे वारं कुठल्या दिशेने वाहतंय, तेही पाहायला हवं. २०२३ साली संसदेने मध्यस्थी कायदा केला. वेगळं काही ठरलं नसेल तर मध्यस्थीचा खर्च दोन्ही पक्षांनी समान सोसायचा, असं त्यात म्हटलं आहे. दोन व्यापाऱ्यांच्या भांडणात हे न्याय्य असेल. नवरा-बायकोत 'निम्मं-निम्मं' म्हणजे समता नव्हे. पंधरा वर्षं बिनपगारी राबलेलीला निम्मा खर्च मागणं, ही समतेच्या नावाखालची थट्टा आहे. कौटुंबिक वादांत खासगी मध्यस्थीचा रस्ता रुंद होण्याआधी आपण याबद्दल बोललं पाहिजे.

मारहाण असेल तिथली गोष्ट आणखी वेगळी. हिंसाचारविरोधी कायद्याच्या २००६ च्या नियमांतला नियम १४ म्हणतो की समुपदेशनात मारहाणीचं समर्थन करण्याची मुभा त्या पुरुषाला देऊ नये, आणि हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी घ्यावी. हा नियम छापून प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावायला हवा. बाईला समोर बसायचं नसेल, तर ती 'असहकार करते' असा शेरा मारणाऱ्यांना तो वाचून दाखवायला हवा.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतील, आधी पोटगीचा आदेश आणला तर नवरा चिडेल आणि तडजोडीची आशा संपेल. माझा अनुभव असा नाही. दरमहा पैसे द्यावे लागले की तारखा लांबवण्यात त्याला गंमत उरत नाही. तो बोलायला येतो आणि लवकर येतो. आणि मुलांच्या दुधाचे पैसे दिल्याने जी तडजोड मोडते, ती होण्यात कोणाचं भलं होतं?

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटांनी काही गोष्टींचा आग्रह धरावा. मध्यस्थीच्या पहिल्या बैठकीआधी दोघांची उत्पन्नाची प्रतिज्ञापत्रं समोर हवीत. अंतरिम पोटगीचा अर्ज त्याच्या गतीने चालू राहावा. तो आदेश होईपर्यंत मुलांच्या खर्चापुरती तरी रक्कम पहिल्याच बैठकीत ठरावी. न येणाऱ्या पक्षाने आलेल्या बाईचा प्रवासखर्च आणि बुडालेला रोज भरून द्यावा. केंद्रात मुलांना बसायला एक खोली असावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे या खर्चासाठी निधी मागावा, निवेदनावर सह्या घेऊन, शिष्टमंडळ नेऊन.

आणि तडजोडीचा मसुदा बाईला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही होऊ देऊ नका. रक्कम, तारीख, बँक खातं, फी, औषधपाणी, दरवर्षीची वाढ, सगळं त्यात लिहिलेलं हवं. एकरकमी पैसे घटस्फोटाच्या अंतिम आदेशाआधी न्यायालयात जमा व्हायला हवेत. आईने आपला हक्क सोडला तरी मुलांचा पोटगीचा हक्क तिच्या सहीने संपत नाही, हे तिला नक्की सांगा. कलम १४४ खालची थकबाकी वसूल करायचा अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो, हेही विसरू नका.

त्या दिवशी बाकावर मी तिला उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विधी सेवा समितीच्या वकीलबाईंना घेऊन आम्ही तिच्या अंतरिम अर्जावर सुनावणी मागितली. सहाव्या तारखेला नवरा हजर होता.